नोंद गेली कुठे?

सभासद बंधूंनो, उसाची तोड साधारणपणे लागण तारखेच्या क्रमाने मिळते. ती तारीख आता वहीबरोबर संगणकातही राहते, म्हणून त्याचे एक दुखणे आम्ही इथे सांगतो.

नोंदींची एक फाईल असते व तिचा पत्ता प्रोग्रॅमला द्यावा लागतो. बनवणारा आपल्याच यंत्रावर तपासतो. तिथे सगळे बिनचूक! तोच प्रोग्रॅम उमापूरच्या एखाद्या यंत्रावर बसवला, की कधी पत्ता चुकतो, कधी बांधाबांधीत फाईलच मागे राहते. २००० साली निघालेले एसक्यूलाइट हे नोंदी साठवण्याचे मोफत साधन घ्या. सांगितल्या जागी फाईल नसली, तर ते सहसा कुरकूर न करता नवी कोरी फाईल उघडते. पडद्यावर एकही नोंद नाही! म्हणजे दुसऱ्याच्या घरातली रिकामी कणगी पाहून आपले धान्य संपले म्हणायचे.

म्हणून खरी परीक्षा अशी: नोंद करावी, संगणक बंद करावा, प्रोग्रॅम फाईलसह दुसऱ्या यंत्रावर न्यावा, उघडून पाहावे. नोंद दिसली तरच पास.

आणि बंधूंनो, नोंदीची पावती मागून घ्या अन् जपून ठेवा. संगणक विसरला तरी कागद बोलतो.