बसलेला बेस पुन्हा उभा करताना

मंडळी, गुरुकुंजात आवाजाविषयी बोलायचं तर सुरुवात खंजिरीपासूनच करावी लागेल. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभा केला, आणि त्यांची खंजिरी सगळ्यांना ठाऊक. ताणलेलं कातडं पुढे-मागे हलतं, हवेला ढकलतं. सबवूफर तेच करतो, फक्त हाताच्या जागी तांब्याच्या तारेची कॉइल असते. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी मांडलेली ही रचना आपल्या भजनी मंडळाच्या सेटमध्ये अजून तशीच आहे.

आता ‘स्पीकर गेला’ म्हणजे काय गेलं? लोखंडी सांगाडा आणि मॅग्नेट सहसा जात नाहीत. जातात ती कॉइल, कोन, स्पायडर आणि कडेचा रिंग. ऐन लग्नसराईत बेस बसला की सेटवाल्या पोराचं भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून फेकण्याआधी तपासा. आठ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटरवर साधारण साडेपाच ते सात दिसलं पाहिजे. मग कोन दोन्ही हातांनी सारखा दाबा. खरखर नाही, आकडाही बरोबर, नुसता फोमचा रिंग कुजलाय? तर रिंगच बदला, बाकीच्याला हात लावू नका.

कॉइल जळली असेल तर मात्र सगळं कापून काढायचं. मॅग्नेटच्या फटीतला लोखंडाचा कीस फुंकून निघत नाही बरं का! मास्किंग टेपची चिकट बाजू बाहेर ठेवून फिरवा. नवी कॉइल बसवताना तिच्या आत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवा, म्हणजे ती बरोबर मधोमध राहते. स्पायडर, कोन, रिंग चिकटवा आणि चोवीस तास विसरून जा. पट्ट्या काढल्यावरच डस्ट कॅप. घाई इथेच नडते.

किट त्याच मॉडेलचं घ्या. कोन जड किंवा स्पायडर कडक आला की स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या बदलते, आणि खोक्याचं भोक जुन्या हिशोबाने कापलेलं असतं. मग वाजतो, पण बेस ढबढब येतो.

एका काकांनी विचारलं, “पण जळते काहून, भाऊ?” काका, शंभर वॅट दिले तर त्यातले जेमतेम दोन-चार वॅट आवाजात जातात, बाकी सगळी उष्णता. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ताणला की लाटेचे माथे कापले जातात, सरासरी वॅट वाढतात, कॉइल तापत राहते. त्यात आपला मे महिना आणि उन्हात ठेवलेलं खोकं! मोठा अ‍ॅम्प्लिफायर बेताने वाजवलेला बरा, लहान पिळून काढलेला नाही.

शेवटी दीड व्होल्टचा सेल लावून बघा. अधिकला अधिक जोडल्यावर कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर तारा उलट्या आहेत, आणि शेजारचा दुसरा बेस याचा आवाज खाऊन टाकेल.