मजकुराची वर्गवारी : अटींचा क्रम आणि ‘एरवी’चे स्थान

पटावरील मुलांची नावे, वये व इयत्ता संगणकावर नोंदविण्याचे काम आज पुष्कळ शाळांतून शिक्षकांनाच करावे लागते. चौकटीत मजकूर भरावा आणि यंत्राने तो ‘अग्राह्य’ म्हणून परत करावा, असा प्रसंग या कामात येतो. नाव आणि वय यांतील भेद यंत्रास ठाऊक नसतो. त्याच्यापुढे चिन्हांची केवळ एक ओळ असते. तिची वर्गवारी कोणत्या अटींनी व कोणत्या क्रमाने करावयाची, हे आज्ञावली लिहिणारा ठरवितो. अटी सदोष असल्या तर निर्दोष नोंदही परत येते. म्हणून या अटींचे स्वरूप शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आज्ञावली लिहिण्याच्या अनेक पद्धतींपैकी फंक्शनल प्रोग्रामिंग ही पद्धत या विवेचनास विशेष सोयीची आहे. तीत आज्ञावलीचा प्रत्येक भाग गणितातील फलनासारखा असतो. एक राशी आत द्यावी व एक उत्तर बाहेर यावे. तीच राशी पुन्हा दिली असता उत्तरही तेच यावे. मूळ राशीत मात्र फेरफार होऊ नये, असा तिचा दंडक आहे. अमेरिकेतील जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेविषयीचा आपला निबंध १९६० साली प्रसिद्ध केला. त्यात अटी ओळीने मांडून त्यांतून एक मूल्य काढण्याची रीत त्यांनी विशद केली. १९९० साली प्रथम प्रसिद्ध झालेली हास्केल ही भाषा याच पद्धतीची असून तिला हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे.

या पद्धतीत ‘जर-तर’ ही नुसती आज्ञा नसते. त्यातून नेहमी काही मूल्य निघावेच लागते. म्हणून हास्केलमध्ये ‘जर’ आणि ‘तर’ लिहून ‘नाहीतर’ गाळता येत नाही. अट खोटी ठरल्यास उत्तर काय, हेही सांगावे लागते. अटी अनेक असतील तेव्हा त्या एकीखाली एक लिहितात. चौकटीतील मजकुराची वर्गवारी करणारे एक साधे फलन मराठीत मांडल्यास असे दिसेल :

मजकूर रिकामा असेल, तर — रिक्त
प्रत्येक चिन्ह अंक असेल, तर — संख्या
प्रत्येक चिन्ह अक्षर असेल, तर — शब्द
एरवी — मिश्र

अटी वरून खाली तपासल्या जातात. जी प्रथम खरी ठरेल तिचे उत्तर कायम होते व तिच्या खालच्या अटींकडे पाहिले जात नाही.

क्रमाचे महत्त्व

वरील मांडणीत पहिली अट दुसरीच्या खाली नेली, तर रिकामी चौकट ‘संख्या’ म्हणून गणली जाते. हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु ते तर्कास धरूनच आहे. ज्या वर्गात एकही विद्यार्थी नाही, त्या वर्गातील ‘प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण’ हे विधान तर्कदृष्ट्या खरे ठरते. कारण अनुत्तीर्ण असा एकही विद्यार्थी दाखविता येत नाही. त्याचप्रमाणे रिकाम्या मजकुरात अंक नसलेले असे एकही चिन्ह सापडत नाही. म्हणून रिक्ततेची अट सर्वांच्या आधी असली पाहिजे.

देवनागरीची अडचण

आता ‘कमल’ आणि ‘सीता’ ही दोन नावे घ्यावीत. जगातील लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीत ‘कमल’ हे नाव क, म, ल अशा तीन अक्षरांचे आहे. ‘सीता’ मात्र चार चिन्हांचे आहे : स, दीर्घ ईकाराची मात्रा, त आणि काना. यांपैकी मात्रा व काना ही अक्षरे नव्हेत. अक्षरास जोडून येणारी चिन्हे म्हणून त्यांचा वर्ग निराळा आहे. हास्केलमधील अक्षर ओळखणारे नेहमीचे फलन त्यांना ‘अक्षर नव्हे’ असेच उत्तर देते. परिणामी ‘कमल’ हा शब्द ठरतो व ‘सीता’ मिश्र वर्गात जाते.

अंकांचेही असेच आहे. अंक ओळखणारे नेहमीचे फलन इंग्रजी पद्धतीने लिहिलेले दहा अंकच जाणते. देवनागरी शून्य ते नऊ यांना युनिकोडमध्ये २४०६ ते २४१५ असे स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे ‘७’ हे वय संख्या ठरत नाही, अक्षरही ठरत नाही, आणि शेवटी मिश्र वर्गात जाऊन पडते. यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्या अटीत देवनागरी अंक सामील करावेत आणि तिसरी अट ‘प्रत्येक चिन्ह अक्षर किंवा अक्षरास जोडून येणारे चिन्ह असेल, तर’ अशी लिहावी. दोष मुलाच्या नावात नसतो. अट लिहिताना ती लिपी ध्यानात घेतलेली नसते.

‘एरवी’चे स्थान

‘एरवी’ ही ओळ गाळली आणि एखादा मजकूर कोणत्याच अटीत बसला नाही, तर हास्केलची आज्ञावली तेथेच चूक दाखवून थांबते. म्हणून ही ओळ आवश्यक आहे. तथापि ‘एरवी’त आलेला मजकूर चुकीचाच असतो असे नाही. अटी लिहिणाऱ्याने ज्याचा विचार केला नाही, असे सर्व तेथे गोळा होते. यास्तव त्या ओळीपुढे ‘अग्राह्य’ असे न लिहिता ‘पुन्हा पाहावे’ असे लिहिणे अधिक न्याय्य होय.

वर्गात करावयाचा पाठ

हा विषय संगणकावाचूनही शिकविता येतो. चार मुलांना ओळीने उभे करावे व प्रत्येकास एक अट सांगावी. ‘कमल’, ‘सीता’, ‘७’, ‘४थी’, ‘सीता पाटील’ अशा चिठ्ठ्या व एक कोरी चिठ्ठी तयार ठेवावी. चिठ्ठी पहिल्याच्या हाती द्यावी. अट खरी असल्यास त्याने ती ठेवून घ्यावी, नसल्यास पुढे द्यावी. चौथ्याने येईल ती चिठ्ठी घ्यावी. हास्केलमध्येही ‘एरवी’ हे सदैव खऱ्या असणाऱ्या अटीचेच नाव आहे. नंतर पहिल्या दोन मुलांच्या जागा बदलून कोरी चिठ्ठी कोठे जाते ते पाहावे. शेवटी चौथ्याच्या हातातील चिठ्ठ्या फळ्यावर लिहून प्रत्येकीविषयी मुलांना विचारावे : ही चिठ्ठी येथे का आली, आणि कोणती अट सुधारली असता ती आपल्या योग्य जागी जाईल? ‘सीता पाटील’ या चिठ्ठीतील दोन शब्दांमधली मोकळी जागा हेही एक चिन्हच आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढले, तर पाठाचा हेतू साधला असे समजावे.