बारा वर्षे जपलेला अग्नी

नरपडच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनातून बाहेर पडून डहाणू-बोर्डी रस्त्यास लागले म्हणजे चिकूच्या वाड्या दिसू लागतात. यांपैकी पुष्कळ वाड्या इराणी कुटुंबांनी कष्टाने उभ्या केल्या. यझ्द व केरमान या भागांतून आलेली ही जरथुष्ट्री मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर इकडे स्थायिक झाली. त्यांनी या भूमीस दिलेल्या फळाची कीर्ती आता सर्वत्र आहे, आणि ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु या वाड्यांच्या कितीतरी शतके आधी याच धर्माचे लोक याच मुलखात आले होते. त्यांनी येथे जे जपले, ते फळबागेपेक्षा फार नाजूक होते. त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

नरपडहून ईशान्येस नजर टाकली असता डोंगरांची एक रांग दिसते. याच रांगेत बहरोटचा डोंगर आहे. बोर्डीपासून सुमारे आठ किलोमीटरवर, असवली गावाच्या बाजूने त्यावर चढून जावे लागते. चढ उभा असून वाट रानातून जाते. वर खडकात कोरलेल्या काही गुहा आहेत. दिसण्यात त्यांत अजिंठा-वेरुळाची शोभा मुळीच नाही. तथापि पारशी समाजाच्या दृष्टीने ही जागा तीर्थ होय. कारण त्यांच्या सर्वश्रेष्ठ अग्नीने येथे बारा वर्षे वास केला अशी त्यांची परंपरा आहे.

ही परंपरा ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात नमूद आहे. ते बहमन कैकोबाद संजाणा या मोबेदाने इ. स. १६०० च्या सुमारास नवसारी येथे रचिले. मोबेद म्हणजे जरथुष्ट्री धर्माचा उपाध्याय. ग्रंथ घटनांनंतर बऱ्याच काळाने लिहिला गेला, म्हणून त्यातील वर्षांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पारशी संजाणास उतरले ते साल कोणी ७१६ मानतात, कोणी ९३६. कथेचा गाभा मात्र सर्वांस मान्य आहे. सातव्या शतकात सासानी राज्य बुडाल्यावर काही कुटुंबे धर्मरक्षणासाठी देश सोडून निघाली. दीव येथे काही वर्षे राहून ती संजाणास आली. तेथील जादी राण्याने त्यांस आश्रय दिला. अटी अशा की त्यांनी आपला धर्म समजावून सांगावा, येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत आणि लग्ने सायंकाळनंतर लावावीत.

परकीयांस आश्रय देणे या किनाऱ्यास नवीन नव्हते. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ साली, संजाण मंडलाचा कारभार मधुमति नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता असे म्हटले आहे. मधुमति हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. त्याच्या अमलात देवीच्या मठिकेस दान दिल्याचा उल्लेख त्याच ताम्रपटात आहे. तसेच मुंबईजवळ कान्हेरीच्या एका लेण्यात इ. स. १००९ व १०२१ या वर्षी येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेविली आहेत. सारांश, हे लोक येथे लपूनछपून राहत नव्हते. उजळ माथ्याने नांदत होते.

संजाणास स्थिरावल्यावर त्यांनी आतश बेहराम, म्हणजे अग्नीचे सर्वोच्च स्थान, प्रतिष्ठापिले. यासाठी निरनिराळ्या सोळा ठिकाणचे अग्नी आणून प्रत्येकाची वेगळी शुद्धी करावी लागते. आकाशातील विजेने पेटलेला अग्नीही त्यांत असावा लागतो. एवढ्या सायासाने सिद्ध झालेला अग्नी विझू देणे म्हणजे पिढ्यांची पुण्याई गमावणे होय. या अग्नीस ते इराणशाह म्हणतात. ज्यांचा राजा गेला, राज्य गेले, त्यांनी अग्नीसच राजा मानले, हे नावावरूनच कळते.

पुढे गुजरातच्या सुलतानाच्या सैन्याने संजाणावर स्वारी केली. बहुतेक अभ्यासक ही घटना १४६५ च्या सुमाराची मानतात. किस्सा सांगतो की, हिंदू राजाने हाक देताच पारशी त्याच्या बाजूने उभे राहिले. आर्देशीर त्यांचा नायक होता. पहिल्या दिवशी यश आले, पण पुढच्या लढाईत आर्देशीर पडला आणि संजाण गेले. ज्या राजवंशाने आसरा दिला त्याच्या मिठास ते जागले. परंतु आता त्यांस दुसऱ्यांदा घर सोडावे लागले. त्या पळापळीत त्यांनी अग्नी बरोबर घेतला आणि बहरोटच्या डोंगरात आश्रय घेतला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा, अशी आमची विनंती आहे. आतश बेहरामाची सेवा दिवसातून पाच वेळा करावी लागते. अहोरात्राचे पाच ‘गाह’ असतात. गाह बदलला की मोबेदाने शुचिर्भूत होऊन, तोंडावर श्वेत वस्त्राचा पदर बांधून अग्नीस लाकूड अर्पावे, प्रार्थना म्हणावी आणि घंटा वाजवावी. यास ‘बोय’ म्हणतात. दिवसास पाच, तर वर्षास अठराशे पंचवीस, आणि बारा वर्षांत एकवीस हजार नऊशे! कोकणचा पावसाळा ज्यांनी डोंगरावर काढला आहे, त्यांस हा आकडा काय आहे ते कळेल. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत कोसळणारा पाऊस, ओलसर गुहा, वाऱ्याचे झोत, आणि त्यात सुके लाकूड जमवून, साठवून, वेळेवर घालणे! मध्यरात्रीचीही बोय चुकवावयाची नाही. रणांगणातील शौर्य एका दिवसाचे असते; हे शौर्य बारा वर्षे रोज पाच वेळा दाखवावयाचे होते, आणि ते पाहावयास कोणी नव्हते.

बारा वर्षांनंतर अग्नी वांसद्यास गेला. तेथील लोकांनी सामोरे येऊन त्याचे स्वागत केले, असे किस्सा सांगतो. तेथे चौदा वर्षे काढल्यावर चांगा आसा या नवसारीच्या श्रद्धाळू पुढाऱ्याच्या आग्रहावरून तो नवसारीस आला. त्याबरोबर असलेल्या तीन दस्तुरांची नावे किस्स्यात आहेत : नागन राम, खुर्शेद कामदीन व चाइयान सायर. पहिल्या नावातील ‘राम’ पाहून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. तो दस्तूर आपला धर्म तसूभरही न सोडता या देशाचा झाला होता.

यापुढील भाग आपल्याकडील वृत्तीच्या तंट्यांची आठवण करून देणारा आहे. नवसारीचे मूळचे मोबेद भगरिया. गावातील घरोघरचे धर्मकृत्य व त्याची दक्षिणा त्यांच्याकडे, आणि इराणशाहची सेवा मात्र संजाणांकडे, अशी वाटणी ठरली होती. संजाणांची कुटुंबे वाढली, मिळकत पुरेना. वाद विकोपास गेला. ग्रामजोशीपणाच्या हक्कावरून भाऊबंदांत कसे दावे चालतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे नवल वाटणार नाही. आम्ही हे मुद्दाम लिहितो. कारण पूर्वजांस केवळ देवमाणसे ठरविले म्हणजे त्यांचे काम खरे वाटत नाही. पोटाची चिंता त्यांसही होती. अखेर १७४१ मध्ये संजाणा मोबेद अग्नी घेऊन निघाले, वलसाडास थांबले आणि १७४२ मध्ये उदवाडा येथे स्थिर झाले. हक्कासाठी ते भांडले हे खरे. पण त्या भांडणात बोय चुकू दिली नाही, हेही तितकेच खरे.

आजही डहाणूहून गाडीने घोलवड, संजाण, वापी ओलांडून उदवाड्यास उतरले म्हणजे त्याच इराणशाहचे मंदिर आहे. परधर्मीयांस आत प्रवेश नाही. त्याचा मान राखून आपण बाहेरूनच हात जोडावे. वरील तीन दस्तुरांचा वंश सांगणारी नऊ घराणी पाळीपाळीने तेथील सेवा करीत आली आहेत. देवस्थानची पाळी ज्यांच्या घराण्यात आहे, त्यांस ही व्यवस्था ओळखीची वाटेल.

आता प्रश्न पुढचा आहे. १९४१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात १,१४,८९० पारशी होते. २०११ च्या शिरगणतीत भारतात ते ५७,२६४ उरले. मोबेदांच्या घरातील मुले अन्य व्यवसायांत जातात, दूरदेशी जातात. त्यांस दोष कोणी द्यावा? आपल्याकडील अग्निहोत्री घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, ती काही कोणी स्वारी केल्यामुळे नव्हे. मोठ्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, देवघरातील नंदादीपास तेल कोणी घालावे हे ठरेना, आणि एके दिवशी तो दिवा सणावारापुरता उरला, ही हकीकत कित्येक घरांची आहे. बहरोटच्या गुहेत अग्नी विझला नाही. कारण तेथे तो कोणाचा, हा वाद करण्यास सवड नव्हती. पुढचा गाह होण्यापूर्वी लाकूड आणणे एवढेच काम होते.

प्रत्येक घराने अग्नी जपावा, असे आमचे म्हणणे नाही. कोणाच्या घरी तो नंदादीप असेल, कोणाच्या घरी जुनी पोथी, कोणाच्या घरी वृद्ध आत्याबाईंची सेवा. जे जपावयाचे म्हणून आपण ठरविले असेल, त्याची पाळी कोणाची हे घरात स्पष्ट असावे आणि ज्याची पाळी त्याने ती चुकवू नये, इतकेच त्या तीन दस्तुरांपासून घेण्याजोगे आहे. डहाणूकडे जाणे झाले तर चिकू अवश्य आणावेत. पण तत्पूर्वी ईशान्येच्या त्या डोंगराकडे एकवार मान वर करून पाहावे.