माथ्यावरची खिडकी

कोकणातील जुन्या कौलारू घरांत माजघर हे बहुधा सर्वांत अंधारे दालन. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, बाजूंस खोल्या. खिडकी काढावी तर ती उघडणार कोठे? १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले घरोघरी आली. त्यांपैकी एखादे काढून त्याच आकाराचे काचेचे कौल बसविण्याचा उपाय साधा खरा, पण मोठा मार्मिक होता.

आजच्या घरबांधणीत याच कल्पनेस ‘स्कायलाइट’ म्हणतात. गृहकर्जाच्या प्रस्तावांसोबतचे नकाशे पाहताना जाणवते की, दोन्ही बाजूंनी शेजार लागलेल्या रो-हाउसमध्ये जिना आणि मधली खोली यांना भरदुपारीही दिव्यावाचून गत्यंतर नसते. उभ्या खिडकीस फार तर अर्धे आकाश दिसते; छतातील झरोक्यास त्याहून कितीतरी अधिक. शिवाय पूर्ण ढगाळ आकाशाचा माथा क्षितिजालगतच्या भागाच्या सुमारे तिप्पट उजळ असतो. त्यामुळे आषाढातील कुंद दिवशीही हा झरोका उपयोगी पडतो. ढोबळ मानाने १०० चौरस फुटांच्या खोलीस ५ चौरस फुटांची काच पुरेशी होते. अधिक मोठी काच म्हणजे उन्हाळ्यास आमंत्रणच!

कारण मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि आडवी काच नेमकी तेव्हाच सर्वाधिक तापते. मुंबईच्या कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे अनेकांनी पाहिली असतील. त्यांतील काचा उत्तरेकडे तोंड करून असत. उजेड आत येई, प्रखर ऊन फारसे येत नसे. घरासाठीही, जागा असेल तर, हीच रचना उत्तम.

खरी कसोटी पावसाची. काच स्लॅबच्या पातळीत कधीही बसवू नये. भोवती किमान ६ इंच उंचीचे कडे, काचेस उतार आणि तिची कड कड्याच्या बाहेर आलेली, एवढे हवेच. फटींत केवळ सिलिकॉन भरून भागविणाऱ्या कारागिराचे काम पहिल्या पावसातच उघडे पडते. काच लॅमिनेटेड घ्यावी. ती फुटली तरी तुकडे मधल्या पापुद्र्यास चिकटून राहतात. पॉलिकार्बोनेटचा पत्रा स्वस्त व हलका असला, तरी उन्हाने कालांतराने पिवळा पडतो.

नव्या घरात झरोक्याची जागा स्लॅब ओतण्यापूर्वीच सोडता येते. तयार स्लॅब कापणे मात्र गंभीर काम आहे, कारण त्यात सळया तुटतात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला अनिवार्य समजावा. घर बँकेकडे तारण असेल, तर असा बदल करण्यापूर्वी गहाणखताच्या अटी पाहून बँकेची लेखी संमती घ्यावी. घराच्या दुरुस्तीसाठीही कर्ज मिळते. शाखेत येताना कामाचे अंदाजपत्रक सोबत आणावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : वरच्या मजल्यावरील छत आपल्या डोक्यावर असले, तरी गच्ची सहसा सोसायटीची असते. तेथे परवानगीवाचून छिद्रही पाडता येत नाही.