बिलियर्ड्सचे टेबल आणि एक अंशाची चूक

आपल्यापैकी अनेकांना बिलियर्ड्स हा सुखवस्तूंचा विरंगुळा वाटतो. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. वस्तुतः इंदूरकरांना हा खेळ परका नाही. होळकरकाळात, १९३४ साली स्थापन झालेल्या यशवंत क्लबात तो खेळला जातो. स्नूकरचा जन्म तर आपल्याच प्रांतातील जबलपूरच्या लष्करी छावणीत १८७५ साली झाला, असे मानतात. १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद पटकावणारे पहिले भारतीय विल्सन जोन्स हे जन्माने पुणेकर होते.

या खेळाचे शास्त्र थोडक्यात असे. चेंडूंचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर असतो आणि त्यांचे वजन सारखे असते. कुशनवर आदळलेला चेंडू, आरशावरील प्रकाशकिरणाप्रमाणे, साधारणतः आला त्याच कोनात परततो. मात्र रबर दबते आणि चेंडूला फिरकी असते, म्हणून या नियमात थोडा फरक पडतो. मारलेला चेंडू न फिरता, नुसता घसरत येऊन दुसऱ्यावर तिरका आदळला, तर दोघे एकमेकांशी जवळजवळ काटकोन करून दूर जातात. वस्तुमान समान व ऊर्जा बहुतांशी टिकून राहिलेली, म्हणून वेगांचा त्रिकोण पायथागोरसचा काटकोन त्रिकोण ठरतो. चेंडू लोळत आला, तर पुढच्या फिरकीमुळे हा कोन कमी होतो. फ्रेंच गणिती कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. तळापासून व्यासाच्या सात-दशांश उंचीवर आडवा फटका बसला, तर चेंडू न घसरता पहिल्यापासूनच लोळू लागतो.

साठीनंतर माझे सरळ रेषेतील सोपे फटके चुकू लागले. चष्मा बदलला, क्यू बदलून पाहिला. उपयोग झाला नाही. अखेर एका रविवारी कागद घेऊन बसलो. दोन चेंडूंत एक मीटर अंतर आहे आणि फटक्याची दिशा एका अंशाने चुकली, असे धरू. तेवढ्या अंतरात पांढरा चेंडू सुमारे साडेसतरा मिलिमीटर बाजूला सरकतो. हे अंतर व्यासाच्या एक-तृतीयांश झाले. त्यामुळे स्पर्शबिंदू बदलतो आणि समोरचा चेंडू ठरलेल्या रेषेपासून सुमारे अठरा अंश भरकटतो. अंतर वाढले की ही चूकही वाढते.

मग प्रश्न उरला, हा एक अंश येतो कोठून? उत्तर माझ्या उजव्या हातात होते. शस्त्रक्रियागृहात मनगटाला आधार असतो, काम हाताजवळ असते. तेथे कोणाच्या काही लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. मज्जाविकारतज्ज्ञ मित्राने तपासून इसेन्शियल ट्रेमरचे निदान केले. तो सौम्य होता, औषधाने आटोक्यात राहण्याजोगा. तरीही पस्तीस वर्षे ज्या हातावर विसंबलो, त्याच्याविषयी निर्णय घेणे सोपे गेले नाही. रुग्णाची तक्रार येण्याची वाट पाहणे मात्र मला मान्य नव्हते. मी नव्या शस्त्रक्रिया घेणे थांबविले.

आता बाह्यरुग्ण पाहतो आणि तरुण सहकाऱ्यांच्या शेजारी उभा राहून मागितल्यास सल्ला देतो. समवयस्क शल्यचिकित्सक बंधुभगिनींना विनंती एवढीच, की आपला हात वर्षातून एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा. संध्याकाळी टेबलावर अजूनही जातो. फक्त दोन चेंडूंतील अंतर कमी राहील, असे फटके निवडतो.