कॉन्फेटी: सहा सेकंदांची मजा आणि सकाळचा झाडू

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण आजचा विषय धडामकन फुटणारा आहे.

गेल्या उन्हाळ्यात चिखलीजवळ एका लॉनवर माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. हार घालायच्या क्षणी आम्ही भावंडांनी मिळून बारा पार्टी पॉपर फोडले. रील एकदम भारी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी विसरलेला चार्जर आणायला मी परत गेलो, तर शेजारच्या शेतातले काका कुटाराच्या ढिगावरून चमकी वेचत होते. म्हणाले, "बाप्पा, तुमचं लगन झालं, पण हे माह्या गाईच्या पोटात गेलं तं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन तास मीही वेचत बसलो, तरी सगळी निघाली नाहीच. म्हणून हा भाग.

आधी नावाची गंमत. इटालियन भाषेत 'कॉन्फेटी' म्हणजे साखरेत घोळवलेले बदाम. तिकडे कार्निव्हलमध्ये अशा गोळ्या एकमेकांवर फेकायचे. कागदाचे तुकडे आले 19व्या शतकाच्या उत्तरार्धात. त्या तुकड्यांना इटलीत आजही 'कोरिआंदोली' म्हणतात, धण्यांवरून, कारण पूर्वी साखरेत घोळवलेले धणे फेकत. ओळखीचं वाटलं ना? आपलं बोरन्हाण! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे तुकडे ओततात. हलवा म्हणजे साखरेत घोळवलेला तीळच. आणि पोरं तिथेच वेचून खातात. साफसफाई आपोआप.

आता बाजारात काय मिळतं ते बघू. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, टिश्यू पेपर. पातळ पतंगी कागदासारखा. लांबट चौकोनी तुकडा असेल तर तो पडताना स्वतःभोवती गरगर फिरतो, म्हणून हळू खाली येतो आणि फोटोला जास्त वेळ मिळतो. एकच अडचण: ओला झाला की स्वस्त कागदाचा रंग सुटतो. पांढरी फरशी, नवरीचा शालू, पावसाळी हवा असेल तर पांढरा कागद घ्या.

दुसरा, चमकी म्हणजे फॉइल. दिसायला कागद, पण आत प्लॅस्टिकची फिल्म आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ थर. माती ती पचवत नाही, गाईचं पोटही नाही. वर ॲल्युमिनियम वीजवाहक आहे, त्यामुळे उघड्या तारा किंवा डीपीजवळ, खास करून लांब पट्ट्यांची, चमकी उडवायचीच नाही.

तिसरा, पाकळ्या आणि पानं. झेंडू, गुलाब, नाहीतर वाळलेली पानं ऑफिसच्या पंचिंग मशीननं गोल कापलेली. आजकाल कितीतरी लग्नांत अक्षतांऐवजी पाकळ्याच वाटतात, तांदूळ वाया जात नाही. फक्त ओल्या पाकळ्या फरशीवर घसरतात, म्हणून आदल्या दिवशी सावलीत पसरून ठेवा.

दुकानात कागद की प्लॅस्टिक हे कसं ओळखायचं? एक तुकडा फाडा. कागदाची कड तंतुमय, केसाळ दिसते. प्लॅस्टिक ताणलं जातं किंवा साफ फाटतं. शंका असेल तर पाण्यात टाका. टिश्यू लगेच लिबलिबीत होतो, चमकी तशीच चमकत बसते. दुकानदार 'इको' म्हणाला तरी ही टेस्ट करा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला टाकण्याआधी टेस्टिंग!

कायद्याचं काय? 1 जुलै 2022 पासून देशभर काही एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या आणि सजावटीचं थर्माकोल आहे. चमकीचं नाव त्या यादीत नाही. पण यादीत नाव नाही म्हणून ती मातीत कुजत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता फोडायची पद्धत. बहुतेक पॉपरमध्ये दाबलेली हवा असते, म्हणजे हातात छोटी तोफच. तोंड वर आणि लोकांपासून लांब, थोडं तिरकं. कुणाच्या चेहऱ्याकडे कधीच नाही, नवरदेवाच्या मित्राकडेसुद्धा नाही. नळीत डोकावायचं नाही. नाही फुटला तर हलवून बघायचं नाही, बाजूला ठेवायचा. लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही. केकवर मेणबत्ती पेटलेली असेल तर आधी ती विझवा, मग कागद उडवा. बाटलीतला स्नो स्प्रे तर आगीजवळ नकोच, त्यातला वायू पेट घेऊ शकतो. 'कोल्ड पायरो' या नावातल्या कोल्डवरही जाऊ नका. ठिणगीच्या मुळाशी चांगलीच उष्णता असते.

जागा निवडताना वारा कुठे वाहतोय ते बघा. बंद हॉल सगळ्यात सोपा, झाडू मारला की विषय संपला. शेत, विहीर, नदी शेजारी असेल तर फक्त पाकळ्या. आणि आपल्या लोणार सरोवराच्या काठावर प्री-वेडिंग शूटला जात असाल, तर तिथे काहीच उडवू नका. ते अभयारण्य आहे, 2020 मध्ये रामसर यादीत आलेलं. खाली पडलेला तुकडा वेचायला त्या उतारावर कोण जाणार?

शेवटचा मुद्दा, संख्या. बारा पॉपर लागत नाहीत. मोबाईल स्लो मोशनवर ठेवा, एक-दोन-तीन म्हणा, दोन पॉपर दोन्ही बाजूंनी एकदम. रील तेवढाच भारी येतो. खाली जुनी चादर किंवा सतरंजी अंथरा, नंतर चारी कोपरे धरून उचला.

पुढच्या महिन्यात धाकट्या आतेभावाचा साखरपुडा आहे, त्याच लॉनवर. यावेळी झेंडूच्या पाकळ्या न्यायचं ठरलंय. काकांनाही आमंत्रण दिलंय. ते म्हणाले, "येतो, पण पिशवी घेऊन येतो." विश्वास बसायला थोडा वेळ लागेल, हक्क आहे त्यांचा.

तुमच्याकडे बोरन्हाणात काय काय ओततात, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात!