वाहिनी सोडणारा रेडिओ आणि परवानाधारकाची नक्कल

दूरचित्रवाणीच्या ज्या वाहिन्या एखाद्या भागात वापराविना पडून असतात, त्यांवरून तात्पुरते संदेशवहन करायचे आणि परवानाधारक प्रक्षेपक सुरू होताच वाहिनी सोडायची, हे कॉग्निटिव्ह रेडिओचे एक प्रमुख तत्त्व आहे. जोसेफ मिटोला यांनी 1999 मध्ये पुढे आणलेल्या या कल्पनेला 2011 च्या आयईईई 802.22 मानकाने ग्रामीण इंटरनेटसाठी ठोस रूप दिले.

या मानकावर चालणाऱ्या जाळ्यात माहिती 10 मिलिसेकंदांच्या फ्रेममधून वाहते. मधूनमधून बेस स्टेशन सर्व यंत्रांचे प्रक्षेपण थांबवते आणि त्या शांतकाळात प्रत्येक यंत्र वाहिनीचा कानोसा घेते. अमेरिकी डिजिटल दूरचित्रवाणीच्या 6 मेगाहर्ट्‌झ रुंद वाहिनीत, खालच्या कडेपासून सुमारे 309 किलोहर्ट्‌झवर, पायलट नावाचा अखंड सूर असतो. त्याची शक्ती एकाच वारंवारतेवर एकवटलेली असल्यामुळे, बाकीचा संकेत गोंगाटात बुडालेला असतानाही तो ओळखता येतो. आणि ओळख पटली की सुमारे 2 सेकंदांत वाहिनी रिकामी करावी लागते.

जाळ्याला वाहिनी सोडायला लावण्यासाठी नेमका हाच सूर हल्लेखोर निर्माण करतो. रुइलियांग चेन आणि जुंग-मिन पार्क यांनी 2006 मध्ये वर्णिलेल्या या हल्ल्यात, म्हणजे परवानाधारकाची नक्कल करण्यात, कोणतेही कूटलेखन फोडावे लागत नाही, कारण कूटलेखन पाठवलेल्या माहितीचे रक्षण करते, हवेतून कानी पडलेल्या सुराचे नव्हे. दूरचित्रवाणीच्या मनोऱ्याची जागा ठाऊक असते, त्यामुळे अनेक ठिकाणी मोजलेली संकेताची तीव्रता त्या जागेशी जुळते का, हे तपासून नक्कल पकडता येते. ज्यांच्यासाठीही वाहिनी सोडावी लागते, त्या फिरत्या बिनतारी मायक्रोफोनबाबत मात्र ही कसोटी लंगडी पडते.

दुसरा धोका आतला आहे आणि तो अधिक अवघड म्हणावा लागेल. एकट्या यंत्राचे ऐकणे अपुरे असल्यामुळे अनेकांचे अहवाल एकत्र केले जातात; त्यांत एखादे लबाड यंत्र रिकामी वाहिनी व्यापलेली असल्याचे कळवते किंवा याच्या उलट, आणि म्हणून बहुमताशी वारंवार न जुळणाऱ्या यंत्राचे वजन घटवले जाते. परंतु पालघरसारख्या डोंगराळ जिल्ह्यात, जिथे आयआयटी मुंबईने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यातून खेडी जोडण्याची चाचणी घेतली, डोंगराआडच्या यंत्राला मनोरा खरोखरच ऐकू येणार नाही, किंवा जवळच्या मायक्रोफोनचा संकेत केवळ त्यालाच ऐकू येईल. अशा प्रामाणिक यंत्राला लबाड ठरवले, तर त्याने एकट्याने ऐकलेला मायक्रोफोन जाळ्याच्या हिशेबातून निसटतो आणि ज्याच्यासाठी वाहिनी सोडायची, त्याच्याच प्रक्षेपणात व्यत्यय येतो.